खैरनारांची नाकेबंदी

खैरनारांकडे नवा माणूस गेला की ते त्याला पाणी विचारत नाहीत. "तुमच्या घरी मीठ किती दिवस पुरेल?" असं विचारतात.

आम्ही गंगापूर रोडच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो खाली उभा होता आणि समोरच्या दारात हे हाताची घडी घालून उभे होते. प्रश्न ऐकून मला वाटलं, मीठ मागायला आलेत. मी म्हणालो, "खोक्यात आहे कुठेतरी. देतो शोधून."

ते दुखावले. "मला नकोय. मी कुणाकडे काही मागत नाही. मी तुमचं विचारतोय."

"असेल की महिनाभराचं."

"असेल!" ते म्हणाले. "बर्लिनमध्येही असंच म्हणायचे."

एवढं बोलून ते आत गेले. माझी बायको शोभा टेम्पोतली कुंडी घेऊन वर येत होती. तिनं विचारलं, "काय म्हणत होते?" मी म्हटलं, "बर्लिनचं काहीतरी." ती म्हणाली, "घर परत विकता येईल का?"

घर विकलं नाही. आता सगळं निवळलंय, म्हणून हे लिहायला हात धजावतोय. मध्यंतरी असे काही दिवस गेले की समोरचं दार बंद दिसलं तरी धास्ती वाटायची आणि उघडं दिसलं तरी.

बर्लिनचा खुलासा पुढच्याच आठवड्यात झाला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या आरमारानं जर्मनीचा समुद्र बंद केला. बाहेरून धान्य येईना, खत येईना. बटाटे संपले, लोक सलगम खाऊन राहिले. खैरनारांच्या मते जर्मनी लढाईत हरलाच नाही, तो स्वयंपाकघरात हरला. इथवर मी ऐकून घेतलं, कारण थोडंफार वाचलेलं होतं. पण खैरनारांना जर्मनीशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं लक्ष होतं हे सगळं लांबून बघत बसलेल्या जपानकडे.

"जपानी अधिकारी युरोपात जाऊन बघून आले, पाटणकर. आणि घाबरले. का? तर आपल्याकडे तेल नाही, लोखंड नाही, रबर नाही. उद्या आपलीच नाकेबंदी झाली तर? मग ठरलं. जे नाही ते आपल्या ताब्यात हवं. लोखंड-कोळशासाठी मांचुरिया घेतला. मांचुरिया राखायला चीनमध्ये शिरले. चीनमध्ये लढायला तेल लागलं. ते कुठून आणलं?"

"कुठून?"

"अमेरिकेकडून!" असं म्हणून ते आपला चेहरा बघत थांबतात. आपण हसलो तर त्यांना आवडत नाही आणि नाही हसलो तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात. "म्हणजे कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून निघाले, आणि ज्याच्यावर अवलंबून राहायचं नव्हतं त्याच्याकडूनच तेल घेत बसले. शेवटी अमेरिकेनं नळ बंद केला. म्हणाली, चीनमधून निघा, मग बोलू. सरळ सौदा होता. निघायचं ना! माघार घ्यायची, तेल घ्यायचं. पण नाही. टोकियोला हे कळलं नाही."

'टोकियोला कळलं नाही' हे त्यांचं पालुपद. रिक्षावाल्यानं चुकीचं वळण घेतलं, टोकियोला कळलं नाही. जावयानं पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला, टोकियोला कळलं नाही. भेटल्यावर 'काय कसं काय' म्हणायच्या जागी ते 'साठा काय म्हणतो?' असं विचारतात. सोसायटीत त्यांच्या फ्लॅटला टोकियोच म्हणतात. कुरियरवालाही म्हणतो.

आता साताऱ्याच्या माणसाला कंदी पेढ्यांचं वेड असावं तसं सटाण्याकडच्या माणसाला जपानचं वेड कसं लागलं, असा प्रश्न पडेल. खैरनार सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्सचे प्रमुख होते. गोदाम म्हणजे त्यांचं राज्य. एखादा नट मागायला आलेल्या इंजिनिअरला ते आधी कारण विचारत, मग अर्धे नट देत. पुढे कारखान्यात एक जपानी पाहुणा आला. तो गोदाम बघून हसला आणि म्हणाला, एवढा साठा कशाला? माल लागेल तेव्हा मागवा. वर्षभरात गोदामाची जागा मोकळी झाली आणि खैरनारांना खिडकीजवळ एक टेबल मिळालं, ज्यावर काही काम येत नसे. त्या टेबलावर बसून त्यांनी जपानचा इतिहास वाचायला घेतला. हे लोक असे कधीपासून झाले, एवढंच त्यांना शोधायचं होतं. आणि वाचता वाचता त्यांना जुना जपान भेटला, साठ्यापायी झोप उडालेला. त्यांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

"अर्धा आशिया साठ्यासाठी पालथा घातला, आणि त्यांचा नातू मला सांगतो साठा नको!" हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज चढतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नवं गोदाम उघडलं ते घरातच. तीन खोल्यांपैकी एक, पूर्वेच्या खिडकीची, सगळ्यांत उजेडाची. त्यात गहू, तांदूळ, गूळ, मीठ, साबण, काडेपेट्या, सायकलच्या ट्यूब (सायकल नाही), अर्धवट वापरलेले रंगाचे डबे आणि खिडकीच्या जाळीला टेकून कांद्याची एक छोटी चाळ. काय किती आहे याची नोंद कुठेही नाही. "लिहिलं की शत्रूच्या हाती लागतं," ते म्हणत. शत्रू कोण, हे मी विचारलं नाही. बहुधा मीच. कारण पावसाळ्यात त्यांच्या तांदळातले किडे जिन्याचा चौक ओलांडून आमच्या डाळीत येत, आणि शोभा ते ताटात घेऊन त्यांना दाखवायला जाई. "घ्या, तुमचं सैन्य."

सोसायटीच्या सभेत त्यांनी एकदा धोक्याची सूचना मांडली. "उद्या नाकेबंदी झाली तर या इमारतीची तयारी काय?"

सेक्रेटरी बागूल लिहिता लिहिता थांबले. "कुठल्या नाक्यावर? मुंबई नाक्यावर तर रोजच असते."

"ती नाकेबंदी नव्हे हो!"

"मग हेल्मेट घालत जा," बागूल म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

खैरनार जिना चढताना माझ्याजवळ कुजबुजले, "शहराचं नावच नाकावरून पडलंय, पाटणकर. आणि या लोकांना नाकेबंदी कळत नाही." सिंहस्थासाठी रस्ते खणून बंद करायला सुरुवात झाली तेव्हा मात्र त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी मीठ आणलं.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं शांतपणे चालू देत. त्यांचं स्वतंत्र परराष्ट्र धोरण होतं. खैरनार दुपारी झोपले की समोरासमोरच्या दोन दारांतून वाट्या ये-जा करत. इकडून विरजण, तिकडून खोबऱ्याची चटणी. इकडून कढीपत्ता, तिकडून कळणाची भाकरी. खैरनारांना वाटे, आपण कुणाकडे काही मागत नाही. वहिनी म्हणायच्या, "त्यांचं वाटणं त्यांच्यापाशी. जेवतात ना चवीनं?"

मग मार्गशीर्षात आक्का पडल्या.

आक्का म्हणजे खैरनारांची थोरली बहीण. सटाण्याजवळच्या गावात एकट्या राहतात. नवरा नाही, मूल नाही. अंगणात पाय घसरला आणि कमरेला मार लागला. हाड वाचलं, पण उठबस करायला माणूस हवं. सुमनवहिनी त्याच दिवशी बसनं गेल्या. आठवड्यात येते म्हणाल्या. आठवडा झाला, फोन आला. तो मी ऐकला, कारण खैरनारांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि ते फोन मोठ्या आवाजावर लावून बोलतात. त्यामुळे जिन्याला त्यांचं सगळं माहीत असतं.

"आक्कांना आता एकटं ठेवता यायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "इकडे आणायचं मी ठरवलंय. त्यांना ती उजेडाची खोली द्यायची. खोली रिकामी करा, आम्ही दोघी येतो. तोवर मी इथेच."

"अगं, पण तिथलं सामान..."

"तुम्हीच सांगता ना लोकांना? सरळ सौदा आहे. माघार घ्या."

फोन बंद झाला. मला त्या क्षणी चाळीस वर्षं नवऱ्याचं ऐकून घेणाऱ्या बाईबद्दल नितांत आदर वाटला.

पुढचे दिवस वाटाघाटींत गेले. खैरनारांनी हॉलमधला दिवाण देऊ केला. नाकारला. अर्धी खोली, मध्ये पडदा. नाकारला. गहू तेवढा राहील, कांदे जातील. त्यावर वहिनींनी नुसतं "बरं, ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला. मी म्हणालो, "खैरनार, इतकी वर्षं तुम्ही काय सांगता? निघायचं होतं म्हणून!"

"ते वेगळं."

"कसं?"

"तो चीन होता. ही माझी खोली आहे."

"टोकियोतही असंच म्हणाले असतील."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इकडे त्यांच्या घरात खरी टंचाई सुरू झाली, आणि ती कशाची, तर विरजणाची. खैरनारांना दोन्ही वेळा दही लागतं. वहिनी गेल्या त्या गडबडीत दह्याचं भांडं धुतलं गेलं. वर्षभराचं धान्य घरात, आणि चमचाभर विरजण नाही. ते साठवून ठेवायची गोष्टच नव्हे. रोज लावावं लागतं, आणि मोडलं की शेजारी मागावं लागतं, एवढाच त्याचा नियम. शोभानं वाटी भरून तयार ठेवली होती. "मागू देत," ती म्हणाली. "आपणहून दिली तर घेणार नाहीत. आणि दुकानातलं आणणार नाहीत, ती तर आयात."

त्यांनी मागितलं नाही. कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकली की दही लागतं, असं कुठेतरी वाचून त्यांनी प्रयोग सुरू केले. जपाननंही कोळशापासून तेल काढून पाहिलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. पुरेसं निघालं नव्हतं, हे सांगायचं टाळलं. पहिल्या दिवशी दूध तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला तार सुटली. तिसऱ्या प्रयोगाची चव घ्यायला त्यांनी मला बोलावलं. अबोला सुटला, याचाच मला आनंद होता. दुपार कलली होती. ओट्यावर पातेल्यांची रांग, ताटात कोरडा भात, आणि दाढी वाढलेले खैरनार. मी चमचा तोंडाला लावला.

"कसंय?"

"तिखट आहे."

"पण दही आहे ना?"

एवढ्यात फोन वाजला. नंबर वहिनींचा, पण आवाज दुसरा, बारीक आणि खरखरीत.

"जेवना का रे भाऊ?"

जेवलास का, एवढंच. कशी आहे, काय चाललंय, काही नाही. आधी तेवढंच. माझ्यासमोर कारखान्याची आणि जपानची भाषा बोलणारा हा माणूस एकदम गावाकडचा झाला.

"जेवनू, आक्का." समोर भात तसाच होता. "तू?"

"मी जेवनू."

मग आक्का भराभर बोलल्या. "माले काही व्हयेल नही. तुनी बायकोले लई जाय. आठे तिले भलता तरास व्हस. आते सटाण्याले गयी ती, दवाई आनाले." थोडक्यात, मला काही झालं नाही, तुझ्या बायकोला घेऊन जा. खोलीचं, अटीचं, माघारीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. फोन ठेवला गेला.

खैरनार म्हणाले, "आक्का जेवली नाहीये."

"अहो, म्हणाल्या ना आत्ता."

"सुमन औषधं आणायला गेलीये. ती आल्याशिवाय ही ताट घ्यायची नाही. आणि विचारलं की म्हणणार, मी जेवनू." त्यांनी पातेलं उचललं, परत ठेवलं. "लहानपणापासून हेच सांगते मला. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती. बापाला काम मिळालं तर मिळालं. दुष्काळ पडला त्या वर्षी तर... भाकरी व्हायची एकच. ती मला वाढायची. मी विचारायचो, तू? मी जेवनू. मला खरं वाटायचं हो. वाटणारच. एकदा खेळता खेळता घरात आलो, तर ही काटवटीच्या कडेला सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत होती. मला बघून म्हणाली, मुंग्या येतात म्हणून पुसतेय."

मी हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

खैरनार उठून त्या खोलीच्या दाराशी गेले. छतापर्यंत पोती. गव्हाची, तांदळाची, डाळीची.

"कोणासाठी आणला हो मी हा एवढा?" ते म्हणाले. मग आत शिरले, एका पोत्याचं तोंड धरलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "बघत काय बसलात, पाटणकर? दुसरं टोक धरा!"

दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत कामाला लागली. गहू पेठकडच्या एका आश्रमशाळेत गेला. घराघरात मिठाचे इतके पुडे वाटले की बागूल म्हणाले, "खैरनार साहेब, आता नाकेबंदी होऊनच जाऊ द्या, नाहीतर हे संपायचं नाही." काडेपेट्या निम्म्या पेटत नव्हत्या. गूळ पाझरून सायकलच्या ट्यूबांना चिकटला होता, तो ट्यूबांसकट भंगारवाल्यानं नेला. किड्यांनी तर आपापली सोय आधीच केलेली होती.

मी खिजवलं, "शेवटी माघार घेतलीत."

"माघार नव्हे," जिन्यात कांद्याची गोणी खाली सरकवत खैरनार म्हणाले. "जपानी सेनापती त्याला माघार म्हणत नसत. दुसऱ्या दिशेनं आगेकूच म्हणत."

खोलीला रंग त्यांनी स्वतः दिला, साठ्यातल्या उरलेल्या डब्यांतून. त्यामुळे आज त्या खोलीची एक भिंत पिस्ता, एक बदामी, एक आकाशी आणि चौथी कारखान्यातल्या यंत्राच्या रंगाची आहे. वहिनींना फोन लावला तो मी. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा. मला बोलता यायचं नाही." मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "खिडकी उघडते का अजून? की गंजलीये?"

खिडकी उघडत होती. त्या दोघी येण्याच्या आदल्या संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात खैरनार, हातात रिकामी वाटी. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर.

"वहिनी आहेत का?"

शोभा आली. तिनं वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. इतके दिवस ती याच क्षणाची वाट बघत होती आणि काय काय बोलायचं तेही ठरवून बसली होती.

"विरजण होतं का जरा," खैरनार म्हणाले. "आक्का येतेय. तिला भाकरीबरोबर लागतं."

शोभा आत गेली, वाटी भरली, वर फडकं झाकून आणून दिली. "दूध फार गरम नको," एवढंच म्हणाली. दार लावल्यावर माझ्यावर उगाच खेकसली, "पंखा कशाला चालू ठेवलाय थंडीत!" आणि डोळे पुसले.

गाडी दुपारी आली. आक्का म्हणजे केवढ्या! खैरनारांच्या खांद्यालाही लागणार नाहीत. एका हाताखाली वहिनी, दुसऱ्या हाताखाली खैरनार, असा त्यांचा जिन्यातला प्रवास झाला. प्रत्येक पायरीला त्या म्हणत होत्या की त्यांना धरायची काही गरज नाही. खोलीच्या दारात त्या थांबल्या, चारी भिंती निरखून पाहिल्या आणि वहिनींना हळूच म्हणाल्या की रंगवणाऱ्याला पुन्हा बोलवू नको. वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. आमच्या इमारतीत एवढं मोकळं हसू मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

पानं वाढली. आम्हा दोघांनाही बसवलं. आक्का म्हणाल्या, आधी सगळ्यांचं होऊ द्या, मी मागून घेईन. खैरनार ऐकेनात. त्यांनी पहिलं ताट उचललं, पलंगापाशी नेलं, बाजरीची भाकरी, पातोड्यांची भाजी, कडेला घट्ट पांढरं दही. ते आक्कांच्या मांडीशी ठेवलं आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

आक्कांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. खैरनार बघत होते. जपानचं नाव नाही, टोकियोचं नाव नाही. आमची ताटं निवत चालली होती आणि कुणीही हात लावला नव्हता.

आक्कांचा हात थांबला. त्यांनी वहिनींकडे बघून तक्रार केली, "हाऊ मना तोंडकडे काय देखी ऱ्हायना वं?"

"बघू द्या, आक्का," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जेवा."